पीडीपी-८ चं असेंब्ली सोर्स पीडीपी-११ वर नेताना: तक्ता इन्स्ट्रक्शनचा नको, लेबलांचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेतली मोजमापं गोळा करून त्यांची सरासरी काढणाऱ्या एका जुन्या प्रोग्रामचं छापील लिस्टिंग तुमच्याकडे आहे. तो पीडीपी-८ साठी पॅल या असेंब्ली भाषेत लिहिलेला आहे आणि तुम्हाला तो पीडीपी-११ वर, त्याच्या मॅक्रो-११ असेंब्लरमध्ये हवाय (दोन्ही डिजिटल कंपनीचे जुने मिनिकॉम्प्युटर). 'या इन्स्ट्रक्शनच्या जागी ती' असा तयार तक्ता मिळाला तर स्क्रिप्ट लिहून काम उरकता येईल, असं तुम्हाला वाटतंय.

तसा तक्ता तुम्ही स्वतःच एका दुपारी तयार कराल. पीडीपी-८ मध्ये मुळात आठच प्रकारच्या इन्स्ट्रक्शन आहेत: अँड, टॅड (बेरीज), आयएसझेड (वाढवा आणि गाळा), डीसीए (अक्युम्युलेटर मेमरीत ठेवून शून्य करा), जेएमएस (सबरूटीनला हाक), जेएमपी (उडी), शिवाय इनपुट-आउटपुटसाठी आयओटी आणि अक्युम्युलेटरवर, म्हणजे गणिताच्या मुख्य रजिस्टरवर, काम करणारी ओपीआर. त्यांच्याबद्दलची माहिती मॅन्युअलमध्ये स्वच्छ दिलेली आहे. खरी अडचण वेगळीच आहे. सोर्समधला एखादा शब्द तिथे कोणत्या कामासाठी ठेवलाय हे इन्स्ट्रक्शनकडे बघून कळत नाही, आणि तेच कळलं नाही तर तक्ता कितीही बरोबर असला तरी प्रोग्राम चुकतो. म्हणून मी अशा कामात तक्ता करतो तो लेबलांचा, म्हणजे सोर्समध्ये मेमरीच्या जागांना दिलेल्या नावांचा. प्रत्येक लेबल काय आहे, तर संख्या, पत्ता, कॅरेक्टर, मास्क, की चालवायची इन्स्ट्रक्शन. ते कोण वाचतं, कोण लिहितं. हा तक्ता पूर्ण झाला की भाषांतराचा बहुतेक निर्णय आपोआप होतो.

त्याआधी एक गोष्ट ठरवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. हा प्रोग्राम नुसता चालताना बघायचा असेल तर भाषांतर करूच नका. सिमएच हा सिम्युलेटर घ्या, त्यात पीडीपी-८ आहे, त्यावर मूळ कोड जसाच्या तसा चालतो. तुमच्याकडे खरं पीडीपी-११ असेल, त्याला उपकरण जोडायचं असेल किंवा प्रोग्राम वाढवायचा असेल, तरच पुढची मेहनत सार्थकी लागते. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही या दुसऱ्या गटातले दिसता, म्हणून सविस्तर लिहितो. खालचे पत्ते, कोड आणि मास्क यांचे आकडे ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचे, आहेत.

पहिली पायरी भाषांतराची नाहीच. लिस्टिंग टाइप करून किंवा स्कॅन करून घेतलं की ते आधी पीडीपी-८ साठीच पुन्हा असेंबल करा आणि निघालेला प्रत्येक वर्ड लिस्टिंगच्या डाव्या रकान्यातल्या आकड्याशी ताडून बघा. तो रकाना म्हणजे तुमच्या हातातला सर्वांत मोलाचा पुरावा. इनडायरेक्ट, म्हणजे दिलेल्या जागेत खरा पत्ता आहे असं, दाखवणारं 'आय' हे अक्षर आणि एक हा आकडा यांत स्कॅनर हमखास घोटाळा करतो, आणि कधी ते अक्षर सरळ गळून जातं. तसं झालं तरी ओळ बिनतक्रार असेंबल होते, फक्त ४०० चा बिट नाहीसा होतो आणि १४२५ च्या जागी १०२५ येतं. भाषांतर झाल्यावर अशी चूक शोधायला बसलात तर दोष तुमच्या भाषांतरात आहे की टायपिंगमध्ये, हेच कळणार नाही. बायनरी तंतोतंत जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता रुंदीचा प्रश्न. पीडीपी-८ चा वर्ड १२ बिटांचा, पीडीपी-११ चा १६ बिटांचा. दोन्ही असेंब्लर आकडे मुळात ऑक्टल धरतात, त्यामुळे ७७७७ ही ओळ दोन्हीकडे मुकाट्याने स्वीकारली जाते. पण पीडीपी-८ वर तो उणे एक आहे आणि पीडीपी-११ वर दशमान ४०९५. म्हणून सोर्समध्ये ४००० किंवा त्यापुढचा प्रत्येक स्थिरांक थांबून बघावा लागतो. ही ऋण संख्या असेल तर ती १७७७७७ अशी पूर्ण सोळा बिटांत लिहायची. मास्क असेल तर ७७७७ च ठेवायचा. पत्ता असेल तर आकडा पुसून तिथे लेबल घालायचं.

हे किती गुंतू शकतं याचं एकच उदाहरण देतो. ७६०० हा वर्ड पीडीपी-८ च्या कोडमध्ये वारंवार भेटतो. संख्या म्हणून तो उणे २०० आहे, म्हणजे १२८ वेळा मोजायच्या काउंटरची सुरुवात. मास्क म्हणून तो पत्त्यातला पानाचा भाग वेगळा काढतो, कारण पान १२८ वर्डचं असतं. इन्स्ट्रक्शन म्हणून तो ओपीआरच्या दुसऱ्या गटातला सीएलए आहे, म्हणजे अक्युम्युलेटर शून्य करा. आणि ओएस/८ या पीडीपी-८ च्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ७६०० हा मॉनिटरकडे परतण्याचा पत्ता आहे. मेमरीचा एकेक वर्ड वाचवण्यासाठी अनुभवी प्रोग्रामर यांतली दोन कामं एकाच जागी बसवत: वाटेत चालणारा सीएलए, आणि त्याच ओळीला लेबल देऊन दुसरीकडून स्थिरांक म्हणून वाचन. अशी ओळ दिसली की पीडीपी-११ वर तिच्या दोन ओळी करा, एक इन्स्ट्रक्शन आणि एक वेगळा स्थिरांक. स्क्रिप्टला हे कधीच ओळखता येणार नाही. लेबलांच्या तक्त्यात मात्र ते लगेच उघडं पडतं, कारण एकाच लेबलासमोर दोन वर्ग लिहावे लागतात.

बारा बिटांचं गणित सोळा बिटांत करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, चिन्ह वाढवून साधी सोळा बिटी संख्या ठेवायची. काउंटर, नग, छोटे आकडे यांना हे पुरतं आणि कोड वाचायला सोपा राहतो. दुसरा मार्ग मला फार आवडतो: १२ बिट डावीकडे सरकवून ठेवायचे, खालचे चार बिट कायम शून्य. मग बेरजेत बाहेर पडणारा कॅरी नेमका पीडीपी-८ च्या बाराव्या बिटातून पडणारा असतो, ऋण-धन चिन्ह योग्य जागी असतं, शून्याची चाचणी बरोबर लागते आणि आकडा ओलांडला की गुंडाळी जुन्या यंत्रासारखीच होते. एक वाढवायचं म्हणजे २० मिळवायचे. कॉम्प्लिमेंट केल्यावर १७ च्या मास्कने खालचे बिट पुसायचे. उजवीकडे फिरवताना लिंक (पीडीपी-८ चा अक्युम्युलेटरला जोडलेला एक बिट) पीडीपी-११ च्या कॅरीत ठेवून आरओआर दिला की लिंक वरच्या बिटात बरोबर शिरते, आणि खाली सांडलेला १० चा बिट हीच नवी लिंक. तो तपासून पुसून टाका. डावीकडे मात्र आरओएल चालत नाही, कारण कॅरी सगळ्यात खालच्या बिटात जातो. तिथे एएसएल करा आणि जुनी लिंक एक असेल तर २० चा बिट चढवा.

दोन सावधगिऱ्या. टॅडमधून कॅरी निघाला तर पीडीपी-८ ची लिंक उलटते, ती सरळ एक होत नाही. बहुतेक कोडमध्ये आधी लिंक शून्य करणारा सीएलएल असतो म्हणून फरक दिसत नाही, पण जिथे नसतो तिथे तो मुद्दाम नसतो. दुसरं, लिंक पीडीपी-११ च्या कॅरीत कायमची ठेवू नका. टीएसटी आणि सीएलआर दोन्ही कॅरी पुसतात, सीओएम तो एक करतो. मी लिंकसाठी एक रजिस्टर राखून ठेवतो, आर४, अक्युम्युलेटरसाठी आर०, आणि सबरूटीनच्या जोडणीसाठी आर५.

कोणत्या लेबलाला कोणता मार्ग, हे सगळ्या प्रोग्रामसाठी एकदम ठरवायची गरज नाही, पण एका लेबलाला एकच हवा. तुमचा प्रोग्राम सरासरी काढतो म्हणजे त्यात दुहेरी लांबीची बेरीज असणारच. ती साधारण अशी दिसेल: सीएलए सीएलएल, नवा नमुना टॅडने घ्या, बेरजेचा खालचा वर्ड टॅड करा, डीसीएने परत ठेवा, मग आरएएल (लिंकसह एक घर डावीकडे फिरवा), वरचा वर्ड टॅड, डीसीए. डीसीएने अक्युम्युलेटर शून्य झालेला असतो, म्हणून आरएएल केल्यावर त्यात फक्त लिंक उरते. म्हणजे हातचा पुढे नेला. यातली प्रत्येक ओळ एकेक करून उतरवली तर पंधरावीस इन्स्ट्रक्शन होतील. पीडीपी-११ वर हाच हेतू एक एडीडी आणि हातचा मिळवणारा एक एडीसी इतक्यात भागतो, फक्त त्यासाठी दोन्ही वर्ड साधे सोळा बिटी हवेत. डाव्या बाजूला सरकवलेल्या मांडणीत एडीसी चालणार नाही, कारण तो १ मिळवतो, २० नाही. नमुना ऋण असू शकतो का हेही बघा. असेल तर मूळ कोडमध्ये वरच्या वर्डसाठी चिन्ह वाढवणारी एक-दोन ओळींची सोय असणार, ती शोधून काढा. आणि ही बेरीज पुढे पेपर टेपवर किंवा फाइलमध्ये बारा-बारा बिटांत लिहिली जात असेल, तर लिहिताना ती तशीच फोडून द्यावी लागेल.

आता आयएसझेड. कागदावर तिचा अर्थ एकच: मेमरीतला वर्ड एकने वाढवा, शून्य झाला तर पुढची इन्स्ट्रक्शन गाळा. वापर मात्र तीन. ऋण आकड्यापासून मोजणारा लूप असेल तर आयएनसी आणि बीएनई, आणि सुरुवातीचा आकडा पूर्ण सोळा बिटी ऋण. तो ७७०० असा बारा बिटी राहिला तर काउंटर ७७७७ नंतर १०००० वर जातो आणि लूप ठरलेल्या फेऱ्यांनंतर थांबत नाही. पॉइंटर पुढे सरकवायचा असेल तर गाळणं कधी घडतच नाही. तिथे नुसते दोन मिळवा, कारण पीडीपी-११ चे पत्ते बाइटचे आहेत. तिसरा वापर सबरूटीनच्या स्वतःच्या नावावर असतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

पीडीपी-८ ला स्टॅक नाही. जेएमएस परतीचा पत्ता सबरूटीनच्या पहिल्या वर्डमध्येच लिहिते आणि त्यापुढच्या वर्डपासून चालू लागते. हाक मारणाऱ्याने जेएमएसच्या खालच्या ओळींत दिलेली माहिती सबरूटीन आपल्याच पहिल्या वर्डमधून इनडायरेक्ट वाचते, आणि तो वर्ड आयएसझेडने पुढे ढकलते. पीडीपी-११ मध्ये याला हुबेहूब जोड आहे: जेएसआर आर५, खाली तीच माहिती, आत (आर५)+ ने वाचन, शेवटी आरटीएस आर५. इतकी सरळ जुळणारी जागा या दोन यंत्रांत दुसरी नाही.

याच आयएसझेडने 'सगळं ठीक असेल तर एक ओळ गाळून परत' असाही संकेत देतात. गाळलेली ओळ म्हणजे चूक झाल्यावर जायची वाट. पीडीपी-११ वर इन्स्ट्रक्शन एक ते तीन वर्डच्या असतात, त्यामुळे 'एक ओळ' किती बाइटची हे ठरत नाही. मी अशा ठिकाणी गाळणं सोडून देतो, चूक असेल तर कॅरी एक करून परततो आणि हाक मारणाऱ्याकडे बीसीएस (कॅरी एक असेल तर उडी) घालतो. आरटी-११ या पीडीपी-११ च्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या सिस्टिम कॉलची रीतही हीच आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटते. मात्र त्याआधी क्रॉस-रेफरन्समध्ये (कोणतं लेबल कुठे वापरलंय त्या यादीत) बघा की त्या सबरूटीनच्या पहिल्या वर्डला दुसरं कुणी बाहेरून हात लावत नाही ना. लावत असेल तर ते दोन रूटीन आळीपाळीने चालवायचं तंत्र असू शकतं, आणि तो भाग समजून नव्याने लिहावा लागतो.

स्किपच्या, म्हणजे अक्युम्युलेटर बघून पुढची ओळ गाळणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या, जोड्या सोप्या आहेत. एसझेडए आणि खाली जेएमपी म्हणजे बीएनई, एसएनए आणि जेएमपी म्हणजे बीईक्यू, एसएमए आणि जेएमपी म्हणजे बीपीएल. फक्त ब्रँचच्या आधी टीएसटी आर० घाला, कारण पीडीपी-८ अक्युम्युलेटर त्या क्षणी बघतो आणि पीडीपी-११ चे फ्लॅग शेवटच्या इन्स्ट्रक्शनचे असतात. ब्रँचचा पल्ला साधारण १२८ वर्डचा, तो कमी पडला तर उलटी ब्रँच आणि जेएमपी. वजाबाकी करून चिन्ह बघणारी तुलना दिसली की मोह होतो तो सीएमपी आणि बीएलटीचा. बीएलटी ओव्हरफ्लोही विचारात घेतो, म्हणून तो गणिताने बरोबर उत्तर देतो. पीडीपी-८ तसं देत नव्हता. बहुतेक ठिकाणी ही सुधारणाच ठरते. गोल फिरणाऱ्या बफरच्या किंवा घड्याळाच्या तुलनेत मात्र गुंडाळी मुद्दाम वापरलेली असते, तिथे डाव्या मांडणीत वजाबाकी करून बीएमआयच हवा.

१० ते १७ हे ऑटो-इंडेक्स पत्ते बघा. त्यांतून इनडायरेक्ट वाचलं की आधी वाढ होते, मग वापर. म्हणून सुरुवातीला टेबलाच्या एक आधीचा पत्ता भरलेला असतो. पीडीपी-११ चा (आर२)+ आधी वापरतो, मग वाढवतो. सुरुवात टेबलापासूनच करा, आणि लूप संपल्यावर तो पॉइंटर कुणी वाचतंय का ते तपासा. वाचत असेल तर तिथे दोन बाइटचा फरक पडेल.

पानांची बंधनं पीडीपी-११ वर उरत नाहीत, त्यामुळे केवळ दुसऱ्या पानावर पोचण्यासाठी ठेवलेले पत्ते काढून सरळ जेएसआर करता येतो. अपवाद एकच: प्रोग्राम चालू असताना तो पत्ता बदलला जात असेल तर. सीडीएफ आणि सीआयएफ (मेमरीचं फील्ड, म्हणजे ४,०९६ वर्डचा भाग, बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शन) दिसत असतील तर मेमरीचा हिशोब आधीच करा. आठही फील्ड भरलेलं पीडीपी-८ म्हणजे ३२,७६८ वर्ड. मेमरी मॅनेजमेंट नसलेल्या पीडीपी-११ वर वरचे ४,०९६ वर्ड उपकरणांना जातात आणि २८,६७२ उरतात, तेही तुमचा कोड फुगण्याच्या आधी.

इनपुट-आउटपुटमध्ये वर्डला वर्ड असं काहीच उतरत नाही. केएसएफ, जेएमपी मागे, केआरबी या कीबोर्डवरून एक कॅरेक्टर वाचणाऱ्या तीन ओळींऐवजी १७७५६० वर टीएसटीबी, बीपीएल मागे, आणि १७७५६२ मधून एमओव्हीबी. एमओव्हीबी रजिस्टरमध्ये चिन्ह वाढवतो, आणि पीडीपी-८ च्या जगात कॅरेक्टरचा आठवा बिट चढवलेला असतो, 'ए' म्हणजे ३०१. म्हणून सोर्सभर उणे २१५ सारख्या तुलना दिसतील. ती कॅरेज रिटर्नची ओळख. त्या सगळ्या बदलत बसू नका. वाचताना वरचे बिट पुसून २०० चढवा, छापताना तो उतरवा, म्हणजे आतला कोड जसाच्या तसा राहतो. प्रोग्रामच्या सुरुवातीला एखादा एकटाच टीएलएस (प्रिंटरला कॅरेक्टर पाठवणारी इन्स्ट्रक्शन) दिसला तर तो काढून टाका. पीडीपी-८ वर प्रिंटरचा फ्लॅग पहिल्यांदा उभा करायला तो लागतो, पीडीपी-११ वर रेडी बिट रीसेटनंतर उभाच असतो. इंटरप्ट वापरला असेल तर पत्ता १ पासून सुरू होणारी स्किपची साखळी क्रमाने लिहून काढा, तो क्रम म्हणजे उपकरणांची प्राथमिकता. पीडीपी-११ वर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टचा ठरलेला पत्ता, मिळतो, कीबोर्डचा ६०, प्रिंटरचा ६४. आयएसझेडवर वेळ घालवणारे लूप मात्र भाषांतर करू नका. मूळ पीडीपी-८ चं मेमरी सायकल १.५ मायक्रोसेकंदांचं, त्यावरून लेखकाला किती वेळ हवा होता ते काढा आणि ते काम घड्याळाला द्या.

हे सगळं यंत्राकडून करून घेता येणार नाही का, असं तुम्ही पुन्हा विचाराल. डिजिटल कंपनीने व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम व्हॅक्स यंत्रांवरून अल्फा यंत्रांवर नेताना नेमकं हे केलं होतं: व्हॅक्सच्या असेंब्लीला स्रोतभाषा मानणारा कंपायलरच लिहिला. तरीही प्रत्येक रूटीनच्या तोंडाशी माणसाला लिहून द्यावं लागे की ही इथे सुरू होते, ही रजिस्टरं आत येतात, ही बाहेर जातात. कोड तयार करायचं काम यंत्राने केलं, हेतू सांगायचं माणसाने.

तपासणीसाठी सिमएचवर दोन्ही यंत्रं शेजारी चालवा. एकेक सबरूटीन घ्या, मूळ प्रोग्राममध्ये तिच्या तोंडाशी आणि परतीच्या जागी ब्रेकपॉइंट लावून अक्युम्युलेटर, लिंक आणि तिने लिहिलेल्या जागा नोंदवा, तोच इनपुट नव्या कोडला द्या. मुद्दाम काठावरचे आकडे द्या: ०, ३७७७, ४०००, ७७७७. पहिल्या फेरीत डीसीएनंतरचा सीएलआर आर० सगळीकडे ठेवा, कारण आत येताना अक्युम्युलेटर शून्य आहे असं कित्येक सबरूटीन गृहीत धरतात. निकाल जुळल्यावरच एकेक सीएलआर काढा आणि दरवेळी पुन्हा चालवा.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: सोर्समध्ये सीडीएफ आहे का, एमयूवाय किंवा डीव्हीआय म्हणजे गुणाकार-भागाकाराचं जादा हार्डवेअर वापरलंय का, आणि मापनाचं उपकरण कोणत्या आयओटी कोडवर आहे. शेवटच्या पानांवरची सिम्बॉल टेबल सोबत पाठवलीत तर लेबलांच्या तक्त्याची सुरुवात करून देतो.